कमी कोरणे आणि कमी हिंसा

रोग बरा करायचा तर निरोगी भागालाही शस्त्र लागते, ही वैद्यकाची जुनी अडचण आहे. पोटातले गळू काढण्यासाठी पोटाची धड त्वचा कापावी लागते. पण त्वचा पुन्हा जुळते, व्रण भरतो आणि ती अडचण विसरली जाते. दाढेच्या रूट कॅनालमध्ये अशी सोय नाही. किडीने सडलेला पल्प, म्हणजे बोलीत ज्याला दाताची नस म्हणतात तो मऊ भाग, दाढेच्या पोटात आणि मुळांच्या आत असतो. तिथवर पोहोचायचे तर वरचे इनॅमल आणि त्याखालचे डेंटिन कोरत जावे लागते. कोरलेले इनॅमल पुन्हा कधीच तयार होत नाही, आणि डेंटिन घडवणाऱ्या पेशी पल्पबरोबरच गेलेल्या असतात. दात वाचवायला बसलेला दंतवैद्य दाताचा काही धड भाग कायमचा घालवतो, आणि त्याला दुसरा मार्ग नसतो. म्हणून एक प्रश्न उभा राहतो. आजारी भागासाठी निरोगी भागाचा किती नाश क्षम्य मानावा? आणि तो नाश जितका कमी तितके कृत्य अधिक नैतिक, हे समीकरण खरे आहे का? गेली पंधरा-सोळा वर्षे दंतवैद्यकात या प्रश्नावर जो वाद चालू आहे, तो वरवर ड्रिलच्या टोकाचा वाटला तरी मुळात अहिंसेच्या व्याख्येचा आहे. माझे म्हणणे असे की ते समीकरण चूक आहे; आणि ते का चूक आहे हे दाढेइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

आधी दाढेची रचना पाहू. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळे असतात. पुढच्या मुळात सहसा दोन बारीक, वळणदार कॅनाल, म्हणजे पल्पच्या नळ्या, असतात. मागच्या मुळात बहुतेकदा एकच, पण रुंद आणि चपटा. वरच्या पहिल्या दाढेत गालाकडच्या पुढच्या मुळात पुष्कळदा एक जास्तीचा कॅनाल लपलेला असतो आणि तो न सापडणे हे उपचार फसण्याचे एक ओळखीचे कारण आहे. या सगळ्यांची तोंडे पल्पच्या कोठीच्या तळाशी असतात. वरून तिथवर केलेल्या वाटेला ॲक्सेस कॅव्हिटी म्हणतात. आपण तिला दार म्हणू. खालच्या दाढेत पुढच्या कॅनालांच्या तोंडावर डेंटिनची एक कड झुकलेली असते. ती तशीच ठेवली तर फाईल, म्हणजे कॅनाल घासून साफ करणारी बारीक सळई, आत शिरतानाच एकदा वाकते आणि मुळाच्या वळणावर दुसऱ्यांदा वाकते. वाकवलेली धातूची फाईल सरळ व्हायला पाहते. त्या ओढीने ती मुळाच्या टोकाशी वळणाच्या बाहेरची भिंत जास्त खाते; कॅनालची मूळ वाट सरकते, कधी भिंतीत पायरी पडते, कधी फाईल तुटून आतच राहते. म्हणूनच जुन्या शिकवणीचा भर सरळ वाटेवर होता: कोठीचे छत पूर्ण काढा, कडा उतरवा, तोंडे एका नजरेत दिसू द्या आणि फाईलला वरच्या भागात कुठेही अडथळा ठेवू नका. हर्बर्ट शिल्डर यांनी १९७४ साली कॅनालची सफाई आणि त्याला आकार देणे ही एकाच कामाची दोन अंगे म्हणून मांडली तेव्हा या शिकवणीला तात्त्विक पायाही मिळाला. आकार नीट आला तर औषधी द्रव टोकापर्यंत पोहोचणार, आणि आकार नीट यायचा तर दार त्याला साजेसे हवे.

या शिकवणीला खरा धक्का २०१० साली डेव्हिड क्लार्क आणि जॉन खादेमी यांच्या लेखाने दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आपण दार करतो ते फाईलच्या आणि डॉक्टरच्या सोयीने, दाताच्या सोयीने कुणी विचार करतच नाही. दाताचे आयुष्य ठरते ते त्याच्या मानेपाशी, हाडाच्या कडेच्या वर सुमारे चार मिलिमीटर आणि खाली सुमारे चार मिलिमीटर असलेल्या डेंटिनवर. या डेंटिनला कुठलाच पर्याय नाही. कॅप, पोस्ट, सिमेंट यांपैकी काहीही त्याची जागा घेत नाही. म्हणून मान जपा आणि कोठीच्या छताचीही थोडी कड मागे राहू द्या. या विचारातून पुढे लहान दारांची एक मालिकाच निघाली. कुणी दार आक्रसले. कुणी इतके बारीक छिद्र ठेवले की त्याला निन्जा हे नाव पडले. कुणी प्रत्येक मुळासाठी वेगळे दार करून मधला डेंटिनचा पूल शाबूत ठेवला आणि त्याला ट्रस म्हटले. या चळवळीची नैतिक ओढ समजून घेतली पाहिजे. जे परत येणार नाही त्याला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा, ही तिची हाक आहे. डॉक्टरच्या सोयीपायी रुग्णाच्या शरीराचा बळी देऊ नका, ही तिची दुसरी हाक. दोन्हींत खोट काढता येत नाही. अडचण होते ती या हाकेतून 'लहान तेच चांगले' असा नियम निघतो तेव्हा.

नियमाची परीक्षा पुराव्यावर करावी. २०१४ साली कृष्णन आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या मानवी दातांवर, मायक्रो-सीटीच्या मदतीने, नेहमीचे दार आणि आक्रसलेले दार यांची तुलना केली. खालच्या दाढा आक्रसलेल्या दाराने जास्त भार सोसून मग फुटल्या. तिथे लहान दाराची बाजू जिंकली. पण त्याच दाढांच्या मागच्या, रुंद कॅनालमध्ये फाईलचा स्पर्शच न झालेली भिंत नेहमीच्या दारात सरासरी ३७ टक्क्यांच्या आसपास होती, तर आक्रसलेल्या दारात ५७ टक्क्यांच्या आसपास. एकाच प्रयोगात एका हाताने मिळाले, दुसऱ्या हाताने गेले. २०१६ साली मूर आणि सहकाऱ्यांनी वरच्या दाढा तपासल्या तेव्हा दोन्ही दारांत फाईलच्या कामातही लक्षणीय फरक दिसला नाही आणि ताकदीतही नाही. २०१७ साली रोव्हर आणि सहकाऱ्यांना वरच्याच दाढांत लहान दारातून कमी कॅनाल सापडले. मायक्रोस्कोपखाली अल्ट्रासोनिक टोकाने तळ खरवडल्यावरच हा फरक मिटला, आणि ताकदीत लाभ काही दिसला नाही. २०१८ साली अलोविसी आणि सहकाऱ्यांना खालच्या दाढांत नेहमीच्या दारातूनच कॅनालची मूळ वाट अधिक चांगली राखली गेलेली आढळली. वरच्या भागात अडथळा कमी, म्हणून फाईलला टोचण्याच्या हालचालीही कमी कराव्या लागतात, असे कारण त्यांनी सुचवले. त्याच वर्षी नीलकांतन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात मुळांच्या आत दोन्ही दारांत फरक पडला नाही, मात्र फक्त कॅनालांच्या तोंडापुरत्या केलेल्या दाराने पल्पच्या कोठीत जास्त ऊती मागे राहिली. हे निकाल एका सुरात बोलत नाहीत. तरी एक गोष्ट त्यांतून निर्विवाद दिसते: लहान दाराचा फायदा कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि जेव्हा त्याची किंमत पडते तेव्हा ती मुळाच्या किंवा कोठीच्या अशा भागात पडते जिथे वरून नजर पोहोचत नाही.

या शेवटच्या गोष्टीत सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. दार लहान केल्याने हानी नाहीशी झाली असे नेहमी होत नाही. पुष्कळदा ती फक्त जागा बदलते. वरचे वाचलेले डेंटिन फोटोत दिसते, एक्स-रेत दिसते, मोजता येते, त्याबद्दल कौतुकही होते. खाली न पुसलेली भिंत, सरकलेली वाट, छताच्या कडेमागे अडकलेला पल्पचा तुकडा ही हानी उपचाराच्या दिवशी कुणालाच दिसत नाही, रुग्णाला तर नाहीच. दिसणारी हिंसा कमी करून न दिसणारी वाढवणे याला अहिंसा म्हणता येईल का? अहिंसेचा विचार ज्या परंपरेने सर्वांत काटेकोरपणे केला, त्या जैन परंपरेकडे वळले तर उत्तर नकारार्थी येते. दिगंबर आणि श्वेतांबर दोघांनाही मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीच्या आधी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हा घटक ठेवला आहे. मनवचनकायेचा व्यवहार बेसावध असेल आणि त्यातून हानी घडेल, ती हिंसा. डेंटिनला प्राण नाही, तेव्हा ही व्याख्या इथे जशीच्या तशी लावता येणार नाही. पण तिचा रोख लागू पडतो. कृत्याचा दर्जा कापलेल्या भागाच्या क्षेत्रफळावर ठरत नाही, तो कर्त्याच्या सावधपणावर ठरतो. आणि सावधपणा म्हणजे आपल्या कृतीचा परिणाम जिथवर पोहोचतो तिथवर लक्ष पोहोचणे. दारापाशी सुरू होऊन दारापाशीच संपणारे लक्ष हा प्रमादाचाच एक सभ्य प्रकार आहे. साबरमती आश्रमातल्या असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला १९२८ साली मरण दिल्यावर गांधीजींवर टीकेची झोड उठली, तेव्हा त्यांनी शस्त्रवैद्याचेच उदाहरण दिले होते: रोग्याच्या हितासाठी चालवलेली सुरी हिंसा करत नाही, ती अहिंसेचेच शुद्ध रूप असते. सुरी किती चालली याला त्यांनी तिथे कसोटी मानले नाही.

शस्त्रवैद्यकाची आपली परंपरा या बाबतीत त्याहून स्पष्ट आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, शस्त्राने केलेल्या व्रणाचे गुण सांगितले आहेत. आजच्या वाचकाला लहानपणा हा पहिला गुण असेल असे वाटेल. प्रत्यक्षात तिथे व्रण लांब असावा, विस्तृत असावा, सम असावा, नीट विभागलेला असावा आणि त्यात दोष साठायला आश्रय नसावा, असे गुण येतात. एका व्रणाने शुद्धी होत नसेल तर बुद्धीने पाहून दुसरा करावा, अशीही सूचना आहे. सुश्रुत रक्तपाताला उतावीळ नव्हता. त्याच अध्यायात भुवई, गाल, कपाळ, ओठ, दंतवेष्ट अशा जागी छेद आडवा घ्यावा, नाहीतर शिरा आणि स्नायू कापले जातील, असा इशाराही दिलेला आहे. म्हणजे जपणूक आणि मोकळेपणा ही दोन्ही मूल्ये एकाच प्रकरणात शेजारी नांदतात, आणि त्यांना जोडणारा धागा आहे तो छेदाच्या प्रयोजनाचा. छेद कशासाठी घेतला? दोष बाहेर यावा म्हणून. तो आत राहील असा छेद कितीही सुबक असला तरी गुणी नाही. कोठीच्या छताची कड मागे ठेवून तिच्याखाली सडका पल्प राहू देणारे दार या कसोटीवर आश्रय असलेला व्रण ठरते. सुश्रुताने रूट कॅनाल पाहिला नव्हता आणि त्याला आधुनिक ठरवण्याची इथे काही गरज नाही. त्याच्याकडून घ्यायचे ते इतकेच की छेदाचे मोजमाप त्याच्या प्रयोजनाशी लावायचे असते.

एवढे म्हटल्यावर जुन्या रुंद दाराच्या भक्तांना विजयाचा भास होईल. त्यांचा हिशेबही तपासायला हवा. दंतवैद्यकात 'प्रतिबंधासाठी विस्तार' हे सूत्र जी. व्ही. ब्लॅक यांच्या नावाने रूढ झाले, ते दात किडीपासून वाचवण्यासाठी धड भागही कोरून घ्यायला सांगणारे होते. भरण्याचे पदार्थ आणि किडीचे ज्ञान बदलल्यावर हे सूत्र दंतवैद्यकानेच मागे घेतले. रूट कॅनालच्या दारातही तशीच सवय शिरली होती: दिसायला बरे म्हणून थोडे अधिक, फाईल सहज जावी म्हणून आणखी थोडे, आणि मानेपाशी गेट्स ग्लिडन ड्रिलने घेतलेला मोकळा हात. यातला बराच भाग डॉक्टरच्या घाईचा होता. रुग्णहित हे त्याला मागाहून लावलेले नाव. क्लार्क आणि खादेमी यांनी मानेच्या डेंटिनकडे बोट दाखवले ते रास्तच होते. पण दात कमकुवत कशाने होतो याचा जुना पुरावा दोन्ही पंथांना नमवणारा आहे. १९८९ साली रीह, मेसर आणि डग्लस यांनी दातांचा ताठपणा मोजला तेव्हा नुसत्या रूट कॅनालच्या दाराने तो सुमारे ५ टक्के घटला, तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही कडा गमावणाऱ्या मोठ्या भरावाच्या पोकळीने सुमारे ६३ टक्के. २०१८ साली कॉर्सेंटिनो आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगातही ट्रस दाराने दाताची ताकद वाढली नाही. ती घटवली ती कडांच्या भिंती गेल्याने. रूट कॅनालला येणाऱ्या दाढांच्या या भिंती डॉक्टरने हात लावण्याआधीच पुष्कळदा किडीने खाल्लेल्या असतात. छताच्या दोन मिलिमीटरांवर रणकंदन करणारे दोन्ही पक्ष दाताच्या दुर्बलतेचे मुख्य कारण बाजूला ठेवून भांडत आहेत.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: डेंटिन परत येत नाही, म्हणून शंका असेल तिथे राखण्याच्या बाजूने झुकावे, दार लहान ठेवले तर पुढे मोठे करता येते, मोठे केलेले लहान करता येत नाही. या युक्तिवादातला दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. लहान सुरुवात करून, गरज पटेल तसतसे वाढवत जाणे हीच शहाण्याची रीत. पण ही रीत आणि लहान राहण्याचे व्रत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. व्रत घेतलेला माणूस वाढवण्याची वेळ आली तरी थांबतो, कारण आता दार मोठे करणे त्याला पराभव वाटू लागते. शिवाय परत न येणारे असे एकट्या छताचे डेंटिन नाही. मुळाच्या टोकाशी सरकलेली वाट परत येत नाही; भिंतीत पडलेली पायरी पुष्कळदा ओलांडता येत नाही; अडकलेला फाईलचा तुकडा काढायचा तर ज्या मानेचे डेंटिन वाचवले तेच कोरावे लागते; आणि पहिला उपचार फसून दुसऱ्यांदा करावा लागला तर दार ठेवायचे तेवढे लहान राहणारच नाही. अपरिवर्तनीयतेचा युक्तिवाद दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो. तो एकाच बाजूला वापरायचा म्हणजे तराजूच्या एका पारड्यावर बोट ठेवणे.

दुसरा आक्षेप जास्त सूक्ष्म आहे. फाईल कॅनालच्या सगळ्या भिंतीला कधीच लागत नाही. २००१ साली पीटर्स आणि सहकाऱ्यांनी वरच्या दाढांत दाखवले की कुठलेही तंत्र वापरले तरी ३५ टक्के किंवा त्याहून अधिक पृष्ठभाग अस्पर्शच राहतो. मग सफाईचे खरे काम सोडियम हायपोक्लोराइट हा औषधी द्रव करतो, आणि आणखी थोडी भिंत सुटली तर काय बिघडले? पण अपुरेपण अटळ आहे म्हणून ते वाढवायला हरकत नाही, हा निष्कर्ष तर्कात बसत नाही. जे अटळ आहे त्याला क्षमा असते, जे आपण निवडतो त्याची जबाबदारी असते. आणि इथे जबाबदारीचे वजन जंतूंमुळे पडते. १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी जंतुविरहित उंदरांचे पल्प उघडे ठेवले तरी ते भरून आले, आणि सामान्य उंदरांचे सडले. पल्पच्या रोगाचे मूळ जंतूंत आहे हे त्याने ठरले. १९९७ साली स्योग्रेन आणि सहकाऱ्यांनी संसर्ग झालेल्या दातांत कॅनाल भरण्याच्या वेळी जंतूंची तपासणी करून पुढे पाठपुरावा केला: जंतू न सापडलेल्यांपैकी ९४ टक्के बरे झाले, सापडलेल्यांपैकी ६८ टक्के. हायपोक्लोराइटलाही वाट, जागा आणि आकारमान लागते, आणि फाईलने दिलेला आकार हीच त्याची वाट असते. तो जिथे पोहोचणार तिथे दार त्याला किती मदत करते, हा प्रश्न त्यामुळे गौण राहत नाही.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. १९८८ साली वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी निकेल-टायटेनियमच्या फाईलची कल्पना मांडली. आज उष्णतेने संस्कारित अशा फाईल येतात की त्या वाकवल्या तरी पोलादासारख्या उसळून सरळ होत नाहीत. मायक्रोस्कोप आहे, सीबीसीटीचे त्रिमित चित्र आहे, संगणकाने आखलेल्या मार्गदर्शक साच्यातून कोरण्याची सोय आहे. मग पोलादी फाईलच्या काळातले सरळ वाटेचे बंधन आज कशाला? हा आक्षेप माझ्या विरोधात जात नाही, माझ्या बाजूनेच बोलतो. साधन बदलले की पुरेसे दार किती हे बदलते, म्हणजे दाराचा आकार हे स्वतंत्र मूल्य नसून साधन, हात आणि रोग यांच्याशी बांधलेले प्रमाण आहे. आपल्या परंपरेत याला अधिकारभेद म्हणतात: साधना साधकाच्या अधिकाराप्रमाणे. मायक्रोस्कोप, अल्ट्रासोनिक टोक आणि त्यांचा सराव असलेल्या हातातले लहान दार सावधपणाचे असू शकते. तालुक्याच्या गावी या साधनांवाचून काम करणाऱ्या डॉक्टरने परिषदेत पाहिलेल्या चित्राची नक्कल म्हणून केलेले नेमके तेवढेच दार प्रमादाचे ठरेल. रोव्हर यांच्या प्रयोगात फरक मिटला तो मायक्रोस्कोप आणि अल्ट्रासोनिक दोन्ही आल्यावर. ही अट गाळून नुसता आकार उचलणे म्हणजे गुरूचा वेष घेऊन गुरूची साधना सोडण्यासारखे आहे. आपल्या संतांनी बाह्य चिन्हांवर जी टीका केली तिचा रोख असाच होता.

चौथा आक्षेप असा घेतला जाईल की दारांची तुलना करणारे हे सगळे प्रयोग काढलेल्या दातांवरचे आहेत. यंत्राने एका दमात फोडलेली दाढ आणि वीस-तीस वर्षे भाकरी चावणारी दाढ यांत अंतर आहे. पोकळी भरून दात तपासला की न भरता, यानेही निकाल बदलतो. कदाचित लहान दाराचा लाभ दीर्घ काळातच दिसेल, मग आज त्याच्या विरोधात निवाडा का? हे खरे आहे, आणि म्हणून मी लहान दार वर्ज्य आहे असे म्हणत नाही. पण पुराव्याचे ओझे कुणावर, हा प्रश्न उरतोच. एका पारड्यात आहे तो लाभ अजून अनुमानाच्या पातळीवरचा आहे. दुसऱ्या पारड्यात आहे ते कॅनालचे तोंड डोळ्यांनी दिसणे आणि आतला भाग स्वच्छ करता येणे, ज्यावर उपचाराची सारी इमारत उभी आहे. सिद्ध असलेले सोडून संभाव्य घ्यायचे तर तसे करणाऱ्याने पुरावा आणावा. त्यातही जोखीम डॉक्टरची नाही, रुग्णाची आहे, आणि ॲनेस्थेशिया घेऊन, तोंडावर रबर डॅम लावून आडवा पडलेला माणूस या वादात पक्षकार असूनही मत देऊ शकत नाही. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने निवड करताना आपल्याला आवडणाऱ्या सिद्धांतापेक्षा तपासून पाहिलेल्या गोष्टीला पसंती देणे, हे किमान न्यायाचे आहे.

उरला तो शेवटचा, सर्वसाधारण आक्षेप: 'किमान' मोजता येते, 'पुरेसे' मोजता येत नाही, मग पुरेसेपणाचा उपदेश म्हणजे ज्याला जे वाटेल ते करण्याची मुभा नव्हे का? मुभा नव्हे, कारण पुरेसेपणाच्या खुणा ठोस आहेत. कोठीच्या छताखाली ऊती अडकेल अशी जागा उरली नाही; तळाचा नकाशा पूर्ण दिसला आणि लपलेल्या कॅनालचा शोध घेऊन झाला; फाईल वरच्या भागात भिंतीला न रेटता कॅनालच्या तोंडात उतरली; आणि एवढे झाल्यावर मानेच्या डेंटिनला विनाकारण हात लागला नाही. क्रास्नर आणि रँकोव यांनी २००४ साली ५०० दातांच्या कोठ्या अभ्यासून तळाच्या रचनेचे जे नियम मांडले, त्यांचा उपयोगही याचसाठी आहे: तोंडे कुठे असणार हे आधी कळले तर अंदाजाने कोरावे लागत नाही. ज्ञानाने नाश कमी होतो. नुसत्या संकोचाने तो कमी झाल्यासारखा वाटतो. कीड असेल तिथूनच आत जावे, दाराची जागा रोगाने ठरवावी, ही नव्या पंथातलीच एक सूचना आहे आणि ती मला सर्वांत शहाणी वाटते. कारण तीत आकाराचा आग्रह नाही, परिस्थितीचे वाचन आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि जे करणे प्राप्त आहे ते मोहाने सोडून देणे याला तामस त्याग म्हटले आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात याच अंगाने युक्तिवाद केला: कर्म कमी करणे हे श्रेष्ठत्वाचे लक्षण नाही, प्राप्त कर्म निर्मळ बुद्धीने पूर्ण करणे हे आहे. दाढेच्या दाराबाबतचा निवाडा मला यापेक्षा वेगळा करता येत नाही. गरजेपेक्षा जास्त कोरणे हा लोभ आहे, गरजेपेक्षा कमी कोरणे हा मोह आहे, आणि दोहोंची भरपाई रुग्णाच्या जबड्यातून होते. दात तुटू नये ही चिंता खरी असेल तर तिला उत्तर द्यायची जागाही दाराच्या बाहेर आहे. ॲक्विलिनो आणि कॅप्लन यांच्या २००२ सालच्या अभ्यासात रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्यांच्या सहापट दराने गमावले गेले होते. तेव्हा दंतवैद्याने दार किती लहान ठेवले याचा अभिमान बाळगण्याआधी आतले सगळे कॅनाल सापडले आणि स्वच्छ झाले का ते पाहावे. आणि रुग्णाने दुखणे थांबले म्हणून कॅप पुढे ढकलू नये.